एका पातेल्यातली बिअर

सिंगापुरात आंग मो किओमधल्या त्या फ्लॅटमधली खोली बघायला गेले, तेव्हा घरमालक काकांनी माझी कंपनी विचारली नाही, पास कुठला आहे ते विचारलं नाही, किती दिवस राहणार तेही विचारलं नाही. सोफ्यावर ताठ बसून त्यांनी एकच प्रश्न केला.

"पोहे कसे करतेस?"

मी खरं ते सांगून टाकलं. "पाकिटातले. गरम पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं. झाले."

कुणीतरी गेल्याची बातमी कळावी तसे काकांनी डोळे मिटले. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले, "अगं, मुलगी बरी दिसतेय. पण पाकीट आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "तुमच्यापेक्षा लवकर जेवेल."

खोली मिळाली. त्या घरात माझं नाव मात्र कायमचं पाकीट पडलं. "पाकीट, दार लाव." "पाकीट, तुझं पार्सल आलंय." एकदा पुण्याहून माझ्या आईचा फोन काकांनी उचलला आणि तिला सांगितलं, "पाकीट आंघोळीला गेलीय." आईला वाटलं माझं पैशांचं पाकीट कुठेतरी पाण्यात पडलं.

काका जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल कंपनीत होते. सकाळी कंपनीची बस यायची, गळ्यात पास अडकवून ते निघायचे. प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत जी गोष्ट जमली ती कारखान्यातल्या मोठ्या टाकीत जमवून दाखवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. "चंबूत जे शहाण्यासारखं वागतं ते टाकीत गेलं की पिसाळतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. "मोठं करणं म्हणजे गुणाकार नव्हे," हे दुसरं. लिफ्टमध्ये भेटलेल्या परक्या माणसालाही ते ही वाक्यं इंग्रजीतून ऐकवत. त्या बिचाऱ्याला तळमजल्यावर उतरून नूडल्स खायला जायचं असे.

ऑफिसात कुणाचाही कागद तीनदा परत पाठवल्याशिवाय सही न करणारा हा माणूस घरी बिअर करायचा, आणि घरी त्यांचा कागद परत पाठवायला कुणी नव्हतं.

बिअरचं वेड त्यांना कधी लागलं याबद्दल काकूंचं मत ठाम होतं. "गार्गी कॉलेजात गेली आणि घरात यांना ओरडायला कुणी उरलं नाही, तेव्हा." गार्गी त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्याबद्दल पुढे सांगते. आधी बिअर, कारण त्या घरात आधी बिअरच यायची.

कृती ऐकायला सोपी आहे. जवाला मोड आणून, वाळवून, भरडून जे माल्ट होतं ते गरम पाण्यात तासभर मुरत ठेवायचं. पाणी उकळतं नको आणि कोमटही नको, मधलं एक नेमकं तापमान हवं, आणि ते तासभर टिकायला हवं. याला मॅश म्हणतात. त्यातून गोड काढा सुटतो. तो गाळायचा, हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचा, गार करून त्यात यीस्ट टाकायचं आणि झाकणाच्या टाकीत आंबायला ठेवायचं. सिंगापूरचं सरकार घरच्यापुरती ठरावीक बिअर करायला परवानगी देतं. काका त्या मर्यादेच्या जवळपासही पोचत नसत, कारण त्यांच्याकडे पातेलं एकच होतं. लिटल इंडियातून आणलेलं, सत्यनारायणाच्या शिऱ्याला पुरेल एवढं. शिवाय सहलीला नेतात तसला एक आइसबॉक्स. त्याला खाली नळ बसवून त्यांनी त्याचं मॅशचं भांडं केलं होतं. पातेल्यात पाणी तापवायचं, आइसबॉक्समध्ये माल्ट मुरवायचं, मग निघालेला काढा पुन्हा त्याच पातेल्यात उकळायचा. असा सगळा कारखाना.

काकांच्या तोंडी मात्र तो प्लांट होता. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराला ते एक लाल पट्टी लावायचे. तिच्यावर "काम चालू, प्रवेश बंद" असं इंग्रजीत लिहिलेलं. काकू वरणाचा कुकर हातात घेऊन त्या पट्टीखालून वाकून आत जायच्या.

"अगं, परमिट कुठाय तुझं?"

"लग्नाचं सर्टिफिकेट चालेल का? काढू?"

मॅश झाल्यावर उरलेल्या चोथ्याचं काय करायचं, हा दर रविवारचा प्रश्न. सगळ्या मजल्यांवरून खाली जाणाऱ्या कचऱ्याच्या शूटमध्ये टाकला की दोन दिवसांनी सगळ्या मजल्यांवर आंबूस वास. म्हणून काकू त्याची थालीपिठं लावायच्या. जवाची टरफलं दातांत अडकायची आणि आम्ही दोघी टीव्हीसमोर म्हशींसारखं रवंथ करत बसायचो. काका ती थालीपिठं खात नसत. "बायप्रॉडक्टमध्ये मला रस नाही," म्हणायचे.

आता मुख्य गोष्ट सांगून टाकते. काकांची बिअर वाईट होती. अगदी पिववत नाही अशी नव्हे, पण एक घोट घेतला की दुसऱ्या घोटाआधी माणूस दुसराच विषय काढायचा. आणि गंमत म्हणजे पिणाऱ्याला सुटका नसायची. ग्लास हातात दिला की काका समोर खुर्ची ओढून बसायचे आणि तुमच्या गळ्याकडे बघत विचारायचे, "मागून काय येतंय?"

म्हणजे घोट गिळल्यावर मागे कसली चव राहते. मराठी मंडळातल्या जुन्या लोकांनी उत्तरं पाठ करून ठेवली होती. संत्र्याची साल. भाजलेला पाव. एका गृहस्थांनी घाबरून "वेलदोडा" म्हटलं आणि काका कितीतरी दिवस त्यांना रसिक मानत होते. मी एकदा प्रामाणिकपणे सांगितलं, "ओलं पोतं." त्यानंतर बरेच दिवस काका माझ्याशी काकूंमार्फत बोलत होते. पाहुणे त्यामानानं हुशार. काका बाटली आणायला आत वळले की ग्लास बाल्कनीतल्या मनीप्लांटमध्ये. तो मनीप्लांट काकूंनी दोनदा बदलला.

गणपतीत तर मजाच. हॉलमध्ये मूर्ती बसायची, म्हणून आंबत असलेली टाकी तिथून हलवावी लागे. काका ती उचलून सरळ माझ्या खोलीत आणून ठेवायचे. "तू काही देवधर्म करत नाहीस, तुझ्याकडे राहू दे." रोज संध्याकाळी मी आईशी व्हिडिओवर बोलायची आणि पलंगाशेजारी त्या टाकीतून बुडुक, बुडुक असे बुडबुडे निघायचे.

"कसला गं आवाज?"

"माशांची टाकी आहे, आई."

"अय्या, दाखव ना मासे!"

मग मी कॅमेरा बिघडल्याचं सांगायची.

तर पाकिटं. काकांचा मुख्य शत्रू म्हणजे आयतं मिळणारं सगळं. चहाची पुडी, दळलेला मसाला, खवलेला फ्रोझन नारळ, इन्स्टंट कॉफी. "ज्याला वेळ लागला नाही ते मी तोंडात घालत नाही," असं म्हणत ते खुर्चीवर बसून राहायचे, आणि तो वेळ काकूंचा जायचा. आणि अशा माणसाच्या पोटी गार्गी जन्मली. ती सिंगापूरच्या एका कंपनीत फूड टेक्नॉलॉजिस्ट होती. तिचं काम काय, तर लक्सा या इथल्या नूडल्सच्या रश्शाचं वाटण पाकिटात बसवणं. घरी नेऊन फोडायचं, नारळाचं दूध घालायचं, तीन मिनिटांत लक्सा तयार. शेकडो किलोंच्या टाकीत त्या वाटणाची चव घरच्या वाटणासारखी राहिली पाहिजे, हे बघणारी ती.

म्हणजे बाप जे करत होता तेच लेक करत होती. चंबूतलं टाकीत. हे मला दिसत होतं, काकूंना दिसत होतं. काकांना फक्त पाकीट दिसत होतं.

गार्गी वेगळी राहायची. आठवड्यातून एकदा जेवायला यायची. जेवताना बापलेकीचं बोलणं काकूंच्या ताटावरून जायचं. "तुझ्या लेकीला विचार, आमटी घरची चालेल का." "आई, टेल हिम आय कॅन हिअर, ला." तिच्या इंग्रजीला इथलं 'ला' नाहीतर 'व्हॉट' चिकटलेलं असे. काकू दोघांनाही निरोप न पोचवता वाढत राहायच्या.

अशात गार्गीनं लग्न ठरवलं. मुलगा वेमिंग, इथलाच चिनी, तिच्याच वयाचा, शाळेत गणित शिकवणारा, हसरा. रजिस्टर लग्न, मग दुपारी एका रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर दोन्हीकडच्या लोकांचं जेवण. त्या दिवशी ती जेवायला आली, भात कालवला, आणि पहिल्यांदाच काकूंच्या ताटावरून न जाता सरळ म्हणाली, "बाबा, लग्नात तुमची बिअर ठेवू या का? सगळ्यांना पुरेल एवढी?"

काकांच्या हातातला घास तसाच राहिला. काकू पाणी आणायला उठल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. मी पापडाकडे बघत बसले.

"बघू," काका म्हणाले. एवढंच. पण हात धुऊन आले ते पँटच्या खिशात हात घालून हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागले. कारखान्याची ऑर्डर मिळाली होती.

आता प्रश्न असा की बिअर हवी होती नेहमीच्या तिप्पट, आणि मॅशचं भांडं तेवढंच. थोडी थोडी करून बाटल्या साठवता आल्या असत्या. मी तसं सुचवलं. "दोन वऱ्हाडं आहेत, दोन चवी नकोत," काका म्हणाले. "एकाच दमात झाली पाहिजे." मोठं पातेलं घ्यावं, तर ते शेगडीवर मावेना आणि काकू घरात घेईनात. तेव्हा काकांनी निर्णय घेतला की घरात उष्णता धरून ठेवणारं जे जे आहे त्या सगळ्यात एकदम मॅश करायचं.

"काका, मोठं करणं म्हणजे गुणाकार नव्हे ना?"

"हा गुणाकार नाही, पाकीट. ही बेरीज आहे."

त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आइसबॉक्स होता, पातेलं होतं, काकूंचे दोन्ही कुकर होते, पोळ्यांचा कॅसरोल होता, आणि माझा राइस कुकर होता, जो मला न विचारता माझ्या खोलीतून नेला होता. प्रत्येकात माल्ट, प्रत्येकात गरम पाणी. माझ्या हातात थर्मामीटर देऊन काकांनी मला या भांड्याकडून त्या भांड्याकडे पळवायला सुरुवात केली. कॅसरोल गार पडत होता, कुकर तापत होते. काका एका हातानं किटलीचं पाणी ओतत होते, दुसऱ्या हातानं इंडक्शन वाढवत होते. मग त्यांनी राइस कुकरचं बटण दाबलं आणि खट् झालं. दिवे, पंखे, फ्रीज, सगळं बंद.

"शटडाऊन!" काका ओरडले. जणू इतकं म्हटलं की परिस्थिती आटोक्यात येते.

फ्यूजची पेटी चपलांच्या कपाटामागे होती. कपाट सरकवून ती सापडेपर्यंत निम्मी भांडी गार झाली होती. राइस कुकरमध्ये तर माल्टची पेज झाली होती, आजाऱ्याला द्यावी अशी. राहिला आइसबॉक्स. त्यात काकांनी नेहमीच्या दीडपट माल्ट कोंबलं होतं. नळ उघडला तर थेंब येईना, आत चोथा घट्ट बसलेला. उंचावर ठेवला की ओघ सुटेल म्हणून काकांनी तो उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तरी येईना. मग त्यांनी नळीला तोंड लावून फुंकर मारली. मग आइसबॉक्स गदागदा हलवला. नळ निखळला, आणि तो सगळा गोड, तपकिरी, चिकट काढा अर्धा आमच्या ओट्यावर आणि अर्धा खिडकीबाहेर गेला.

इथे प्रत्येकाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत असतात. खालच्या मजल्यावरच्या आंटी वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात नवऱ्याचा पांढरा शर्ट होता. निदान सकाळी तो पांढरा असावा.

"व्हॉट इज धिस?"

काका अदबीनं पुढे झाले. "ओन्ली शुगर, आंटी. माल्टोज."

"आय डोन्ट केअर व्हॉट टोज! यू वॉश!"

कपडे अर्थातच काकूंनी धुतले. काका दारात उभे राहून आंटींना समजावत होते की चोथ्याचा थर वाढला की ओघ कसा अडतो. आंटी शांतपणे ऐकून घेत होत्या. नंतर मला कळलं, त्यांना वाटलं काका माफी मागतायत.

त्याच दुपारी गार्गी आली. चिकट फरशीवर मुंग्यांची रांग लागली होती. तिनं सगळं बघितलं, हसली नाही, उलट सँडल काढून फडकं घेतलं आणि पुसता पुसता म्हणाली, "बाबा, सिंपल आहे. तुमच्या आइसबॉक्समध्ये मावेल तेवढंच मॅश करा. बाकीचं माल्ट एक्स्ट्रॅक्ट घाला, टिनमधलं. उकळताना विरघळवायचं, शेवटी पाणी घालून वाढवायचं. छोटी भांडी असली की सगळे असंच करतात. सेम बार्ली, व्हॉट. फक्त पाणी काढलेलं. आमच्या फॅक्टरीतसुद्धा—"

"तुमच्या फॅक्टरीत!"

काका आंटींसमोर मऊ होते. मुलीसमोर त्यांना आवाज फुटला. "डबा? माझ्या घरात? तुझं सगळंच असलं. तीन मिनिटांचा लक्सा, पंधरा मिनिटांचं लग्न. आयुष्यात एक तरी गोष्ट केलीस का, जिला वेळ लागला?"

गार्गी एरवी भांडताना इंग्रजीत भांडायची. तेव्हा ती मराठीत बोलली, सावकाश, एकेक शब्द शोधत.

"केली ना. तुम्हाला बिअरचं विचारायला मला खूप वेळ लागला."

तिनं फडकं धुऊन वाळत घातलं, सँडल घातल्या आणि गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच लावलं.

काका कुणी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत उभे होते. काकू आंटींच्या शर्टाला इस्त्री करत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमची बिअर कुणी पिण्यासाठी मागतं का हो?"

पुढचे काही दिवस घरात लाल पट्टी लागली नाही. वरणाचा कुकर आडकाठीशिवाय आत जायला लागला आणि काकूंनाच करमेना. गार्गी नेहमीच्या वारी जेवायला आली नाही. तिच्या ताटाची जागा काकू पुसायच्या आणि मोकळी ठेवायच्या. काका तिकडे न बघता जेवायचे.

मग एका दुपारी मी ऑफिसातून जेवायला खाली उतरले, तर आमच्या इंडस्ट्रियल पार्कच्या फाटकाशी काका. हातात छत्री. जुरोंग आयलंडच्या माणसानं कामाच्या दिवशी रजा टाकून आंग मो किओत उभं राहावं, म्हणजे घरात कुणी दगावलं असणार. मी धावतच गेले.

"कॉफी घेऊ चल," म्हणाले.

खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये त्यांनी मला कॉफी घेऊन दिली. ती कशी भाजतात, त्यात मार्गारिन का घालतात, हे सांगितलं. मग कप बाजूला सारला.

"पाकीट, एक काम आहे. तुझ्या क्षेत्रातलं."

डबे आणायचे होते. ते स्वतः जाऊ शकत नव्हते, कारण बिअरचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात त्यांची कीर्ती होती. वर्षानुवर्षं ते एक्स्ट्रॅक्टच्या डब्यांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परावृत्त करत आले होते. मालकानं शेवटी त्यांना हात जोडून सांगितलं होतं की अंकल, तुम्ही कृपया त्या फळीसमोर उभं राहू नका.

मी गेले. मालकाला म्हटलं, आमच्या काकांना हवेत. कोण काका ते त्यानं विचारलं, मी वर्णन केलं. तो माणूस इतका हसला की त्यानं डबे स्वतः कागदात गुंडाळून दिले.

डबे हातात धरून MRTच्या गाडीनं आले, तर काका ब्लॉकच्या खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, कापडी पिशवी घेऊन उभे. डबे पिशवीत गेले, वर कोथिंबिरीची जुडी पसरली गेली. लिफ्टमध्ये आंटी भेटल्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग आपल्या खिडकीची आठवण झाल्यासारखं वर बघितलं.

काकू देवळात गेलेल्या असताना काम उरकलं. आइसबॉक्समध्ये मावेल तेवढंच माल्ट, तासभर शांतपणे. ना धावपळ, ना फ्यूज. काढा पातेल्यात आला. काकांनी डबा उघडला, चमचाभर मधासारखं घट्ट एक्स्ट्रॅक्ट काढलं, हुंगलं, आणि तोंड फिरवून पातेल्यात ओतलं. एखाद्या भल्या माणसानं पहिली लाच घ्यावी तसं. मी ढवळत होते.

"कुणाला बोलायचं नाही."

"नाही, काका."

"काकूलाही नाही."

रिकामे डबे त्यांनी स्वयंपाकघरातल्या शूटमध्ये टाकले. ती योजना जरा चुकली. वरच्या मजल्यावरून सोडलेला पत्र्याचा डबा जाताना प्रत्येक मजल्यावर हजेरी लावत जातो. पहिला ठणठणत गेला तेव्हाच काकूंनी दारात किल्ली फिरवली. त्या हॉलमध्ये पिशवी ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. दुसरा गेला. तिसरा गेला.

"मांजर असेल," काकू म्हणाल्या आणि हातपाय धुवायला गेल्या.

लग्नाच्या दिवशी रेस्टॉरंटमध्ये एका कोपऱ्यात बर्फाच्या टबांत काकांच्या बाटल्या ठेवल्या होत्या. काका कोट घालून त्यांच्याजवळ उभे. गार्गी आली, वाकून नमस्कार केला. दोघंही फोटोपुरते हसले.

आणि मग लोकांनी ग्लास तोंडाला लावले.

बिअर झकास झाली होती. मी स्वतः प्यायले, खोटं कशाला सांगू. स्वच्छ, हलकी, जेवणाबरोबर जाईल अशी. मंडळाचे अध्यक्ष, मनीप्लांटच्या मृत्यूतले एक प्रमुख आरोपी, दुसरा ग्लास मागायला स्वतः उठून आले. "काका, यावेळी जमलंय हं! काय बदललंत?" काका म्हणाले, "काही नाही." दुसरे म्हणाले, "आधीच्यात काहीतरी राहून जायचं." तिसऱ्यांनी पाठ थोपटली. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. इतकी वर्षं ज्या कौतुकासाठी माणसं खुर्चीत दाबून बसवली, ते आता आपणहून येत होतं, आणि प्रत्येक शब्द त्यांना चावत होता. एकाला तर ते फणकाऱ्यानं म्हणाले, "तुम्हाला कळतं का काही?" त्या माणसाला तो विनयच वाटला.

वेमिंगचे वडील अबोल गृहस्थ. त्यांनी सावकाश तीन ग्लास संपवले आणि अंगठा वर केला. "व्हेरी स्टेडी."

मग गार्गीनं ग्लास उचलला. तिची जीभ धंद्याची, पगारी. एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून काकांकडे बघितलं. काका छताकडे बघायला लागले.

ती सरळ जाऊन माइकपाशी उभी राहिली. इंग्रजीत म्हणाली, "ही बिअर माझ्या बाबांनी केलीय. एका पातेल्यात. शॉर्टकट नाही. त्यांना शॉर्टकट घेताच येत नाही."

टाळ्या पडल्या. काकू टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांचं लक्ष नवऱ्याकडे होतं.

काका टाळ्या संपायची वाट न बघता निघाले. खुर्च्यांमधून, कुणाच्या तरी पदरावर पाय देत माइकपाशी पोचले आणि लेकीच्या हातातून तो ओढून घेतला.

"हे खोटं आहे," ते मराठीत म्हणाले. मग इंग्रजीत, कंपनीत अपघाताचा अहवाल वाचावा तशा आवाजात, "हाफ इज फ्रॉम टिन."

सगळा हॉल हसला. काय विनोदी माणूस आहे!

"आय ॲम सीरियस! टिन! डबा!"

वेमिंगचे वडील उभे राहिले, ग्लास उंच धरला आणि त्या अबोल माणसाच्या छातीतून आरोळी निघाली, "टिन, गुड! याऽऽऽम..." आणि त्यांच्या बाजूचे सगळे काका, मामा, आत्या छाती फुगवून ओरडायला लागले, "याऽऽऽऽऽम सेंग!" इथल्या चिनी लग्नांत ग्लास रिकामा करायचा हा पुकारा श्वास संपेपर्यंत ताणायचा असतो. आमचं मंडळही मागे राहिलं नाही. काका माइकमध्ये अजून काहीतरी सांगत होते. ओठ हलताना दिसत होते. एकाही माणसानं ग्लास खाली ठेवला नाही.

आरोळी ओसरली तेव्हा काका माइक हातात धरून उभे होते आणि गार्गी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर.

"बाबा, का सांगितलंत? आय कव्हर्ड फॉर यू!"

"कोणी सांगितलं होतं कव्हर करायला? आणि तुला कळलं कसं?"

"ऑब्व्हियस, ला. मागे जरा टॉफीसारखी गोडी राहते. ती टिनची."

"नाही राहत."

"राहते."

"आण इकडे ग्लास." त्यांनी तिच्याच ग्लासातला घोट घेतला. "कुठाय?"

"जिभेच्या कडेला. निम्म्याहून जास्त घातलंय तुम्ही."

"निम्म्याहून कमी! पातेल्याच्या तळाशी करपून जी गोडी येते ती तू हिशोबात धरत नाहीयेस."

"माझ्या फॅक्टरीत करपत नाही, बाबा. आम्ही तळातून ढवळतो."

"वेगात ढवळलं तर वाटण फुटत नाही?"

हा त्यांनी तिच्या कामाबद्दल विचारलेला पहिला प्रश्न होता. त्यांना ते कळलं नाही. ते उत्तर खोडायच्या तयारीत होते.

त्यानंतर काका सुधारले, असं मुळीच झालं नाही. पुढच्याच महिन्यात पुन्हा लाल पट्टी लागली, पुन्हा सगळं माल्ट, डबा नाही, आणि बिअर पहिल्यासारखी वाईट. मी सेरंगूनला दुसऱ्या खोलीत राहायला गेले तेव्हा निरोपाला मला दोन बाटल्या मिळाल्या. गार्गीच्या कंपनीचं लक्साचं पाकीट मात्र त्यांनी अजून तोंडात घातलेलं नाही. फोनवर तिला त्यातल्या चुका सांगतात. न खाता.

मध्यंतरी त्यांच्याकडे गेले तर हॉलच्या भिंतीवर लग्नाचा एक फोटो मोठा करून लावला होता. मधे वेमिंग एकटाच, हसत. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला त्याचे आईवडील. नवरी नाही. नीट बघितलं तर कडेला दोन पाठमोऱ्या आकृत्या दिसतात. एक कोटातली, एक साडीतली. दोघांचे हात हवेत, दोघांच्या माना एकमेकांकडे वळलेल्या. फोटोग्राफर हाका मारून दमला होता, ते मला आठवत होतं.

"काकू, इतके चांगले फोटो होते. हाच का लावलात?"

काकू फोटोची काच पदरानं पुसत होत्या.

"बोलतायत ना," त्या म्हणाल्या.